विद्यापीठ आणि इंटरनेटचे व्यसन : एका संज्ञेचा इतिहास

१

विद्यापीठातील विद्यार्थी इंटरनेट व स्मार्टफोन यांच्या आहारी गेला आहे, ही तक्रार आज इतकी सर्वपरिचित झाली आहे की, तिलाही काही इतिहास असेल अशी शंका सहसा कोणास येत नाही. तक्रार करणारा प्राध्यापक असो, पालक असो वा वसतिगृहाचा अधीक्षक असो, ‘व्यसन’ हा शब्द तो निःशंकपणे वापरतो. व्यसन म्हटले की व्यसनी मनुष्य ओघाने आलाच. आणि व्यसनी मनुष्य ठरला की दोषाचे स्थानही ठरून जाते. परंतु कोणतीही संज्ञा प्रचारात येते ती आपला पूर्वेतिहास घेऊन येते, व पुष्कळदा त्या पूर्वेतिहासातील एखादा महत्त्वाचा भाग वाटेत गळून पडलेला असतो. इंटरनेटच्या व्यसनाची कल्पना कोठे निर्माण झाली, ती कोणास लावण्यात आली, आणि ती लावताना कोणता पक्ष दृष्टीआड राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी शब्दाकडे पाहणे उचित होईल. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, आणि पुढे प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे १९६० ते १९६५ या काळात चिकित्सक संपादनासह प्रकाशित केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राचे संपूर्ण आठवे अधिकरण व्यसनांना वाहिलेले आहे. मनुष्याला श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, अशी या शब्दाची फोड तेथे केलेली आढळते. विशेष हे की, राजाची द्यूतासक्ती आणि राज्यावर कोसळलेले संकट या दोहोंसाठी कौटिल्य हा एकच शब्द योजतो. व्यसन हा व्यक्तीचा दुर्गुण होय, तशीच ती व्यवस्थेवरील आपत्तीही होय. ‘ॲडिक्शन’ या इंग्रजी शब्दाचे मूळही उद्बोधक आहे. रोमन कायद्यात ‘ॲडिक्टस’ म्हणजे ऋण न फेडल्यामुळे न्यायाधिकाऱ्याने सावकाराच्या स्वाधीन केलेला ऋणको. म्हणजे या शब्दात बांधला गेलेला मनुष्य जसा आहे, तसाच त्याला बांधून घेणारा धनीही आहे. अर्वाचीन वापरात ऋणको शिल्लक राहिला आणि सावकार नाहीसा झाला. हे कसे घडले, हाच या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

२

यंत्रासमोर रात्री घालवणारा विद्यार्थी इंटरनेटच्या आधीपासून विद्यापीठांना परिचित होता. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ नावाची संगणकाधारित शिक्षणयोजना सुरू झाली. तिचा हेतू शुद्ध अध्यापनाचा होता. परंतु १९७० नंतरच्या दशकात एकाच मध्यवर्ती संगणकास अनेक पडदे जोडले गेले, १९७३ मध्ये त्यांवरून परस्परांशी संवाद साधण्याची सोय झाली, आणि विद्यार्थ्यांनी स्वतःच रचलेले अनेक खेळ त्यावर सुरू झाले. खेळांचा व्याप इतका वाढला की, ठरावीक ठिकाणी व ठरावीक वेळी ते बंद पाडणारा एक स्वतंत्र कार्यक्रमच त्या यंत्रणेत बसवावा लागला. अध्यापनाचे साधन, त्यातून उत्पन्न झालेला नाद आणि त्यावरील निर्बंध ही तिन्ही एकाच विद्यापीठात, एकाच यंत्रावर जन्मास आली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचा, केवळ शब्दांनी रचलेला एक काल्पनिक प्रदेश संगणकावर उभा केला. त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढविला. ‘मड’ या नावाने ओळखला गेलेला हा खेळ आजच्या बहुसंख्य सामूहिक संगणकीय खेळांचा पूर्वज मानला जातो. विद्यापीठाची यंत्रे दिवसा अभ्यासाच्या कामात गुंतलेली असत; त्यामुळे बाहेरच्या खेळाडूंना प्रवेश मिळे तो रात्री. जागरणाची प्रथा येथे खेळाडूच्या स्वभावातून नव्हे, तर यंत्राच्या उपलब्धतेतून पडली.

याच सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबॉम यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात संगणकाने झपाटलेल्या तरुण प्रोग्रामरचे चित्र रेखाटले. अन्न, झोप व देहाची शुद्ध हरपून यंत्रासमोर बसणाऱ्या या तरुणाची तुलना त्यांनी जुगाऱ्याशी केली. पुढील सर्व विवेचनात कायम राहिलेली ही तुलना प्रथम एका अध्यापकाने आपल्याच संस्थेतील तरुणांकडे पाहून केली होती. मात्र तिला तेव्हा रोगाचे नाव मिळाले नव्हते.

३

रोगाचे नाव मिळाले ते थट्टेतून. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांची निदानपुस्तिका १९९४ मध्ये चौथ्या आवृत्तीत प्रसिद्ध झाली. तिच्या काटेकोर लक्षणयाद्यांचे विडंबन करण्याच्या हेतूने १९९५ मध्ये न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी ‘इंटरनेट-व्यसन-विकृती’ नावाचा एक काल्पनिक रोग रचून त्याची लक्षणे मांडली. बोटांची आपोआप टंकलेखनासारखी हालचाल होणे हेही त्यांपैकी एक लक्षण होते. परंतु वाचकांनी विनोद विनोद म्हणून घेतला नाही. आपणास हाच रोग जडला आहे असे सांगणारी माणसे पुढे येऊ लागली. विडंबनाला मिळालेला हा प्रतिसाद केवळ भाबडेपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. ज्या अनुभवाला नाव नव्हते त्याला कोणतेही नाव मिळण्याची गरज निर्माण झाली होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

त्याच वर्षी इंग्लंडातील मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांनी ‘तंत्रजन्य व्यसने’ ही व्यापक कल्पना मांडली. १९९६ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ब्रॅडफर्ड येथील शाखेत अध्यापन करणाऱ्या किंबर्ली यंग यांनी टोरांटो येथील अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अधिवेशनात या विषयावर निबंध वाचला. तो १९९८ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झाला. यंग यांनी विकृत जुगाराच्या निदानासाठी असलेल्या कसोट्यांवरून आठ प्रश्न तयार केले, व पाच अथवा अधिक प्रश्नांना होकार देणारास ‘परावलंबी’ ठरविले. त्यांच्या अभ्यासात असे ३९६ परावलंबी व १०० इतर वापरकर्ते होते. पहिला वर्ग आठवड्यास सरासरी ३८.५ तास इंटरनेटवर घालवीत असे, दुसरा ४.९ तास.

या अभ्यासाचे ऐतिहासिक महत्त्व मान्य करूनही त्याच्या दोन मर्यादा नोंदविणे अवश्य आहे. पहिली अशी की, त्यातील माणसे वृत्तपत्रांतील जाहिराती, महाविद्यालयांच्या आवारातील पत्रके आणि इंटरनेटवरील आवाहने यांना उत्तर देऊन स्वतः होऊन आलेली होती. तेव्हा समाजात वा विद्यार्थिवर्गात या विकाराचे प्रमाण किती, हे त्यावरून ठरविता येत नाही. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. जुगाराच्या कसोट्या उसन्या घेताना जुगाऱ्याची लक्षणे घेतली गेली. जुगाराचा अड्डा, त्याचा चालक आणि त्याचे फासे यांचा विचार प्रश्नावलीबाहेर राहिला. प्रश्नावली हे साधनच असे आहे की, ते ज्याला प्रश्न विचारता येतात त्याच्यातच कारण शोधते. सावकार नाहीसा झाला तो या टप्प्यावर.

पुढील पंचवीस वर्षांत या धर्तीच्या अनेक प्रश्नावल्या निघाल्या. दक्षिण कोरियात २०१३ मध्ये स्मार्टफोनसाठी ३३ प्रश्नांची स्वतंत्र मापनश्रेणी तयार झाली. विद्यार्थी हा संशोधकास सहज उपलब्ध होणारा वर्ग असल्याने या श्रेण्या जगभर प्रामुख्याने विद्यार्थ्यांवर चालविल्या गेल्या. परंतु स्वतःच्या वापराविषयी मनुष्य जे सांगतो ते कितपत ग्राह्य धरावे, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पाहणीत १८ ते ३३ वर्षे वयाच्या २३ जणांच्या फोनवर प्रत्यक्ष नोंद ठेवण्यात आली, तेव्हा ते दिवसातून सरासरी ८५ वेळा फोन वापरतात आणि स्वतःच्या अंदाजात ही संख्या निम्म्यावर आणतात, असे दिसून आले. हाताची ही हालचाल जाणिवेच्या खाली गेली असेल, तर जाणिवेला विचारलेल्या प्रश्नांनी तिचे माप घेणे कठीण होय.

वैद्यकशास्त्राने या बाबतीत बराच संयम दाखविला. निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत जुगाराची गणना प्रथमच मद्यादी व्यसनांच्या वर्गात झाली. इंटरनेटवरील खेळांच्या विकृतीस मात्र पुढील अभ्यासास पात्र अशा परिशिष्टवजा विभागात ठेवण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकृत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात खेळाच्या विकृतीस स्थान मिळाले. इंटरनेटचे वा स्मार्टफोनचे व्यसन या नावाचा स्वतंत्र रोग तिच्यातही नाही. तात्पर्य, वसतिगृहाच्या सूचनाफलकावर जो शब्द सहज लिहिला जातो, तो अद्याप रोगाच्या यादीत चढलेला नाही.

४

प्रश्नावलीबाहेर राहिलेल्या फाशांचाही एक विद्यापीठीय इतिहास आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर व त्यांचे सहकारी चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवरील प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चकतीवर चोच मारली असता दाणा मिळतो, हे कबुतराला शिकविल्यावर दाणा कधी द्यावा याचे निरनिराळे क्रम त्यांनी तपासले. दर खेपेस दाणा मिळाला तर कबुतर पोट भरेपर्यंतच चोच मारते. परंतु कितव्या खेपेस मिळेल याचा नेम नसला, तर ते वेगाने व दीर्घकाळ चोच मारीत राहते. जुगाराची पकड याच अनिश्चिततेत आहे, हे स्किनर यांनी स्वतःच दाखवून दिले होते.

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९८ मध्ये बी. जे. फॉग यांनी संगणकाच्या योगे मनुष्याचे वर्तन कसे वळविता येईल याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा स्थापन केली. तेथील २००७ मधील एका अभ्यासक्रमात ७५ विद्यार्थ्यांनी फेसबुकसाठी छोटे कार्यक्रम तयार केले, आणि दहा आठवड्यांत त्यांच्या वापरकर्त्यांची संख्या १ कोटीच्या पुढे गेली. स्वतः फेसबुकचा जन्म फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या वसतिगृहात झाला होता, व प्रारंभी त्याचे सभासदत्व विद्यापीठीय विद्यार्थ्यांपुरतेच मर्यादित होते. २००६ मध्ये एझा रॅस्किन यांनी खाली सरकवीत नेले तरी कधीच न संपणाऱ्या पानाची रचना प्रचारात आणली. तिच्या परिणामांविषयी पुढे त्यांनी जाहीर खंतही व्यक्त केली. २००९ मध्ये फेसबुकवर पसंतीचे बटण आले. पान संपले की वाचक थांबतो. पान संपत नसेल तर थांबण्याचे स्थळच उरत नाही. कोणाची पसंती केव्हा येईल याचा नेम नसेल, तर फोन पुनःपुन्हा पाहिला जातो. विद्यार्थ्याचे मनोदौर्बल्य गृहीत न धरताही या दोन गोष्टी स्पष्ट होतात.

याचा अर्थ विद्यार्थ्याच्या वर्तनाचा उगम सर्वस्वी यंत्राच्या रचनेत आहे, असा नव्हे. एकच फोन हाती असून एक विद्यार्थी तो बाजूस ठेवू शकतो व दुसरा ठेवू शकत नाही. एकाकीपणा, नैराश्य, परीक्षेची धास्ती, परभाषेतील अध्यापन समजत नसल्याची लाज यांचा त्यात भाग असतो, आणि यांपैकी कारण कोणते व कार्य कोणते हे प्रत्येक प्रकरणी निराळेच शोधावे लागते. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत २०१४ मध्ये तंत्रसाधनांच्या अतिरेकी वापरासाठी स्वतंत्र उपचारसेवा सुरू झाली. अशा सेवेची गरज खरी आहे. येथे मुद्दा इतकाच की, फाशांचा विचार वगळून केलेले निदान अपुरे असते.

५

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्या काळी जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून मिळे व तासांच्या मापाने विकली जाई. पुढे सायबर कॅफे आले. तेथेही घड्याळ चालूच असे. अशा स्थितीत महागाई हाच मोठा निर्बंध होता. हा निर्बंध प्रथम उठला तो उच्च शिक्षणसंस्थांच्या वसतिगृहांत. तेथे खोलीखोलीत तार पोहोचली आणि तासाचा हिशेब संपला.

त्याचा परिणाम मुंबईतच दिसून आला. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने मार्च २००७ मध्ये आपल्या वसतिगृहांतील इंटरनेट रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० पर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. विद्यार्थी रात्रभर खेळ व संचार यांत गुंततात, सकाळच्या तासांना येत नाहीत, परस्परांत मिसळत नाहीत आणि एकलकोंडे होतात, अशी कारणे त्या वेळी देण्यात आली. विद्यार्थ्यांकडून नाराजीही व्यक्त झाली. निर्णयाच्या योग्यायोग्यतेपेक्षा त्याची पूर्वअट येथे महत्त्वाची आहे: जोडणीची कळ संस्थेच्या हाती होती, म्हणून ती फिरविता आली.

ही पूर्वअट टिकली नाही. दक्षिण कोरियाने नोव्हेंबर २०११ पासून १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते सकाळी ६ या वेळात संगणकावरील जालीय खेळ बंद केले. पण खेळ हळूहळू कायद्याच्या कक्षेबाहेरच्या भ्रमणध्वनीवर सरकले, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो निर्बंध उठविण्यात आला. चीनमध्ये दुसरे टोक गाठले गेले. इंटरनेटच्या व्यसनास रोग ठरविणाऱ्या कसोट्या तेथील लष्करी रुग्णालयातील डॉक्टरांनी २००८ मध्ये तयार केल्या, आणि सुधारशिबिरांचा सुळसुळाट झाला. काही ठिकाणी मुलांना विजेचे झटके देण्यात आले. जुलै २००९ मध्ये आरोग्य मंत्रालयाने ते बंद करविले. पुढच्याच महिन्यात ग्वांगशी प्रांतातील एका शिबिरात १५ वर्षांचा मुलगा मारहाणीने मरण पावला. व्यसनी ठरलेल्या व्यक्तीच्या ठायीच सर्व दोष मानला म्हणजे उपचार आणि शिक्षा यांतील अंतर किती सहज नाहीसे होते, याचे हे विदारक उदाहरण होय.

भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली व प्रारंभीचे काही महिने ती विनामूल्य होती. त्यानंतरच्या दरयुद्धात इंटरनेट इतके स्वस्त झाले की, किमतीचा निर्बंध व्यवहारतः संपला. आता कळ संस्थेच्या हाती नव्हती. ती विद्यार्थ्याच्या तळहातावर होती. वसतिगृहापुढे एकच मार्ग उरला, तो म्हणजे फोनच काढून घेणे. केरळातील कोळिकोड जिल्ह्यात एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते १० या वेळात फोन जमा करण्याचा नियम झाला. तो न मानल्याबद्दल वसतिगृहातून काढलेल्या एका पदवी-विद्यार्थिनीने केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता ही शिक्षणाच्या व खासगीपणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे सांगून तिला परत घेण्याचा आदेश दिला. सायंकाळचे ते तास अभ्यासाचे होते, आणि अभ्यासाची साधनेही त्याच फोनमध्ये होती. प्रौढ विद्यार्थिनीवर लादलेली शिस्त व तिचे शिक्षण यांत येथे थेट विरोध उभा राहिला.

पुढील वर्षी या विरोधाने अनपेक्षित वळण घेतले. २०२० च्या महासाथीत विद्यापीठांची दारे बंद झाली, व ज्या फोनवर बंदी घालण्याचे प्रयत्न चालले होते तोच वर्ग, फळा, ग्रंथालय आणि परीक्षागृह झाला. महासाथ ओसरल्यावर वर्ग भरले. परंतु सूचना, वेळापत्रके, टिपणे व गुणांच्या याद्या व्हॉट्सॲपच्या गटांवरच राहिल्या. विद्यार्थ्याने फोन दूर ठेवावा असे सांगणारी संस्था, फोन दूर ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या व्यवहारातूनच दूर ठेवू लागली.

या पार्श्वभूमीवर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये योजिलेला उपाय विद्यापीठांनीही विचारात घेण्याजोगा आहे. महासाथीतील ऑनलाइन शाळेमुळे मुलांना फोनची सवय लागली, असे पाहून ग्रामसभेने ठराव केला. सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच दीड तास घरोघरचे दूरदर्शनसंच आणि भ्रमणध्वनी बंद ठेवावयाचे, असे ठरले. या उपायातील मर्म दीड तासात नाही. मुलाचा फोन बंद होतो तेव्हा आईबापाचाही बंद होतो, यात आहे. येथे कोणास रोगी ठरविले गेले नाही, कोणाची वस्तू जप्त झाली नाही. सवय सर्वांची आहे हे मान्य करून संयमही सर्वांनी वाटून घेतला.

६

आतापर्यंतच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. इंटरनेटच्या व्यसनाच्या इतिहासात विद्यापीठ हे केवळ पीडित पालकाच्या भूमिकेत नाही. ज्या खेळांनी विद्यार्थी जागविला त्यांचे आद्य नमुने विद्यापीठांत निर्माण झाले. ज्या अनिश्चित बक्षिसाने त्याचे बोट गुंतले त्याचे शास्त्र विद्यापीठात रचले गेले. त्या गुंतण्यास व्यसन हे नाव देणारे संशोधन विद्यापीठातच झाले. आणि त्यावर पहिली बंदीही विद्यापीठीय संस्थांनीच घातली. प्रत्येक टप्प्यावर मोजला गेला तो मात्र विद्यार्थीच.

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणाच्या अखेरीस द्यूताचे नियम आले आहेत. द्यूताध्यक्षाने द्यूत एकाच नेमलेल्या ठिकाणी चालवावे, फासे व कवड्या स्वतः पुरवाव्यात, आणि त्यांची अदलाबदल करणारास दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. कौटिल्याचा हेतू परोपकाराचा नव्हता. गुप्तपणे उपजीविका करणारे लोक हुडकणे व राजकोशात जिंकलेल्या रकमेचा शेकडा पाच हिस्सा आणणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. तथापि फासे तपासल्यावाचून द्यूताचे नियमन होत नाही, हे त्याने ओळखले होते. अर्वाचीन कायदाही उशिराने त्याच दिशेस वळू लागला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ४० हून अधिक राज्यांनी मेटा या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. तिच्या सेवांची रचनाच अल्पवयीनांना गुंतवून ठेवणारी आहे, असा त्यांचा आरोप होता. सावकार पुन्हा न्यायासनासमोर येऊ लागला, असे यास म्हणता येईल.

विद्यापीठीय विभागांस यातून दोन कर्तव्ये प्राप्त होतात. संशोधनात विद्यार्थ्याच्या प्रश्नावलीबरोबर त्याच्या हातातील साधनाची रचना, त्याचे दर आणि संस्थेचे स्वतःचे व्यवहार यांचीही नोंद झाली पाहिजे; एरवी टक्केवारीच्या कोष्टकांत भर पडेल, ज्ञानात पडणार नाही. आणि शिस्तीचा नियम करताना तो प्रथम विभागाने स्वतःस लावून पाहिला पाहिजे. रात्री ११ वाजता गटावर सूचना धाडणाऱ्या अध्यापकास सकाळी जागरणाबद्दल उपदेश करण्याचा अधिकार उरत नाही. विद्या आणि विनय यांचा अभाव हे पुरुषव्यसनांचे कारण होय, असे कौटिल्याने म्हटले आहे. विद्या देण्याची जबाबदारी ज्या संस्थेने पत्करली आहे, तिला या अभावाचा दोष केवळ विद्यार्थ्याच्या खात्यावर मांडता येणार नाही.